पोलादापलीकडची गाय

गाय आली तेव्हा हाल्वार खरेदीदारांना काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही, याची वाटणी करत होता. दाखवायचं ते म्हणजे कुरणाचा उतार, झरा, तीन लाकडी घरं आणि समोरचा करडा डोंगर. दाखवायचं नाही ते म्हणजे दुधाच्या खोलीचं छप्पर, डास आणि गुनबोर आत्या.

"मी ऐकतेय," गुनबोर आत्या म्हणाली.

"तुझं यंत्र कानात नाहीये, आत्या."

"म्हणूनच तर ऐकू येतंय. यंत्र घातलं की नुसती फ्रीजची घरघर."

ओर्वालेनवर फ्रीज नव्हता. वीजही नव्हती. पण आत्याशी या मुद्द्यावर वाद घालायला कुणी धजलं नाही, कारण सगळ्यांनाच दुपारपर्यंत शांतता हवी होती. दुपारी दूरच्या माल्मो शहरातून एक जोडपं जागा बघायला येणार होतं.

टेबल बाहेर गवतात मांडलं होतं. हाल्वारची बहीण इंगेगेर्ड उभ्यानेच चीज कापत होती आणि इकडच्या रीतीप्रमाणे तुकडे कॉफीच्या कपांत टाकत होती. कुणाला किती लागतं ते तिला विचारावं लागत नसे. सकाळपासून ती एक वाक्य बोलली होती, तेही माशीला.

ओर्वालेन ही त्यांची उन्हाळी गोठाण, उन्हाळाभर गुरं घेऊन वर राहायची जागा. बाप गेला त्या दिवशी, पाहुण्यांचे कप विसळायच्या आधीच, भावाबहिणीने एकमेकांना शब्द दिला होता, की इंगेगेर्ड या गवतावर बसून जोवर एक तरी गाय पिळते आहे तोवर जागा विकायची नाही. हाल्वारने तो शब्द पाळला. मधली काही वर्षं तो तिच्याशी बोलत नव्हता, तेव्हाही पाळला. मग या जूनमध्ये लिलिया, शेवटची गाय, झऱ्याजवळ बसली ती उठलीच नाही. म्हातारपण. हाल्वार वर आला, खड्डा खणला, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यानंतर पूर्ण दीड महिना थांबून त्याने जाहिरात दिली. दीड महिना ही त्याच्या हिशेबाने माया होती.

इंगेगेर्ड हिवाळ्यात खाली गावात दोन खोल्यांत राहायची, म्हणजे जून महिन्याची वाट बघायची. आता जूनमध्ये कुठे जायचं हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिने माशीलाच सांगितलं असतं.

"गाय," गुनबोर आत्या म्हणाली.

"लिलिया गेली, आत्या," हाल्वार जरा मोठ्याने म्हणाला.

"लिलिया गेली ते मला माहितेय. मीच रडले होते. ही दुसरी."

सगळ्यांनी मान वळवली.

भूर्जांच्या रांगेतून ती बाहेर आली आणि कुरणाच्या मधोमध उभी राहिली. पांढरी. इकडच्या डोंगरी गाई पांढऱ्याच असतात, बिनशिंगीच असतात, पण त्यांचे कान काळे असतात, नाकपुड्या काळ्या असतात, पोटावर कुठेतरी शाई सांडल्यासारखे ठिपके असतात. हिच्यावर काहीच नव्हतं. ढगाआड ऊन गेलं आणि कुरण काळवंडलं, तरी ती तेवढीच पांढरी राहिली.

गळ्यात घंटा होती. गाईने मान हलवली, घंटा हलली, आतला लोलक इकडून तिकडे आदळलेला दिसला. आवाज आला नाही.

मग आला. करड्या डोंगरातून.

"प्रतिध्वनी," हाल्वार म्हणाला.

गाईने पुन्हा मान हलवली. घंटा हलली. इथे काही नाही. एक श्वास घेऊन सोडावा एवढ्या वेळाने डोंगराच्या पोटात टण्ण झालं.

"प्रतिध्वनी असेल तर पहिला ध्वनी कुठे गेला?" आत्याने विचारलं.

हाल्वार आयुष्यभर भूमापक होता. त्याने तोंड उघडलं, मनातल्या मनात अंतर मोजलं, आणि मिटलं.

*

इंगेगेर्डला सगळ्यात आधी कास दिसली. माणसं तोंड बघतात, ती कास बघायची. भरून टच्च झालेली, सड बाहेरच्या बाजूला झुकलेले. मग तिने कान बघितले. हल्ली प्रत्येक गाईच्या दोन्ही कानांत पिवळा बिल्ला असतो. वासरू जन्मलं की पहिलं टोचतात ते कानाला. या कानांना भोक नव्हतं.

आपण काय बघतोय हे तिला ठाऊक होतं. ओर्वालेनवर वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. खालच्या मंडळींची गुरं. त्यांचं खरं नाव व्हित्रा, पण ते इथे वर आल्यावर कुणी घेत नाही. जमिनीखाली राहतात म्हणून खालची मंडळी. त्यांची गाय दिसली, तर तिच्या पाठीवरून पोलाद फेकायचं. चाकू, कात्री, सुई, काहीही. पोलाद पलीकडे पडलं की गाय या बाजूची झाली. तुमची. एवढा सोपा व्यवहार उभ्या येम्तलांड प्रांतात दुसरा नाही.

आणि तिच्या हातात चीजचा चाकू होता.

गाय तुमची झाली म्हणजे ती पिळायची. पिळली म्हणजे शब्द कायम. शब्द कायम म्हणजे माल्मोच्या जोडप्याला कॉफी पाजून परत पाठवायचं.

"इंगेगेर्ड," हाल्वार हळूच म्हणाला, "चाकू खाली ठेव."

"चीज कापतेय."

"चीज टेबलावर आहे. तू कुरणात उभी आहेस."

तिने खाली बघितलं. खरंच, ती कधी चालत आली कुणास ठाऊक.

"तुझा तर विश्वासच नाही ना या गोष्टींवर?" ती म्हणाली. "मग मी चाकू फेकला काय आणि नाही फेकला काय?"

"माझा विश्वास नाही," हाल्वार म्हणाला. "म्हणूनच सांगतोय. नको फेकूस."

"फेक गं!" टेबलावरून गुनबोर आत्या ओरडली. "माझ्या आजीच्या वेळेला एक आली होती, आणि आजोबा पोलाद शोधायला घरात गेले! बाहेर येईतो गाय गेली! जन्मभर आजीने त्यांना सुनावलं!"

इंगेगेर्डने हात उचलला. हात अर्ध्यावर थांबला. गाय तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात ओळख नव्हती, भीती नव्हती. परक्या गावात रस्ता चुकलेली बाई ज्या नजरेने बघते तसं ती बघत होती.

नेमकी तेव्हाच हाल्वारची मुलगी टीरा झऱ्यावरून बादली घेऊन कुरणाच्या त्या टोकाला आली, आणि या टोकाला, खाली गाडी लावून, डोक्यावर केकचा डबा धरून तिचा नवरा कास्पर उगवला. मध्ये गाय.

"कास्पर! मोठ्या आत्याचं यंत्र गाडीतच राहिलंय. किल्ली दे!"

टीरा पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली की मी "दे" म्हटलं होतं, "फेक" म्हटलं नव्हतं. ते खरंच होतं. पण कास्पर स्टॉकहोमचा. वाटेत गाय असली तर तिला वळसा घालून जायचं की नाही, याबद्दल त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं.

किल्ली हवेत चमकली, पांढऱ्या पाठीवरून गेली आणि टीराच्या बादलीत पडली.

*

कास्परला वाटलं आपण काहीतरी फार चांगलं केलं, कारण एवढी शांतता त्याच्या सासरी पहिल्यांदाच झाली होती.

"बरोब्बर बादलीत," तो म्हणाला.

इंगेगेर्डच्या हातातला चाकू खाली आला. हाल्वारने डोळे मिटले. आणि गाय वळली, सावकाश चालत कास्परपाशी आली, आणि तिने त्याची मान चाटली.

"काय झालं?" कास्पर म्हणाला.

"अभिनंदन," गुनबोर आत्या म्हणाली. "गाय झाली तुला."

टीराने धावत येऊन त्याला थोडक्यात समजावलं. त्याने ऐकून घेतलं. या घरात लग्न केल्यापासून त्याला बरंच काही थोडक्यात समजावण्यात आलं होतं.

"पण मला दूध पचत नाही," तो म्हणाला.

"ते तिला सांग," टीरा म्हणाली.

हाल्वार पुढे आला. त्याचा आवाज सरकारी झाला होता. "हे बघा. आजकालच्या गाडीची किल्ली प्लास्टिकची असते. प्लास्टिक चालत नाही. आत्या, चालतं का प्लास्टिक?"

"प्लास्टिक नाही चालत," आत्याने मान्य केलं.

"झालं तर मग."

"होकायंत्र काढ," आत्या म्हणाली.

"काय?"

"खिशात होकायंत्र असतं ना तुझ्या? बायकोच्या आधीपासून आहे. काढ. किल्ली जवळ धर. प्लास्टिक असेल तर सुई ढिम्म हलणार नाही."

हाल्वारकडे दुसरा मार्ग नव्हता. या सुईच्या भरवशावर त्याने अर्ध्या तालुक्याच्या हद्दी आखल्या होत्या, आणि त्या हद्दींवरून सख्खे भाऊ कोर्टात गेले तेव्हाही सुई खोटी ठरली नव्हती. त्याने बादलीत हात घालून किल्ली काढली आणि सुईजवळ नेली. सुई थरथरली, तिने उत्तर दिशा सोडली आणि ती किल्लीकडे वळली.

"पोलाद," आत्या म्हणाली.

"किल्लीची कडी असेल पोलादी," हाल्वार म्हणाला.

"कडीही पलीकडेच पडली ना?"

कास्पर दोन पावलं डावीकडे सरकला. गायही सरकली. तो टेबलाच्या मागे गेला. गाय टेबलाला वळसा घालून गेली, म्हणजे वळसा घालायचं तिला कुणीतरी शिकवलं होतं. इतक्या जवळून तिच्या अंगाचा वास येत होता, पण तो गोठ्याचा नव्हता. पावसानंतर दगड उलटला की खालून येतो तसा, गार. कास्परने हळूच तिच्या कपाळावर हात ठेवला. हाताखाली काहीतरी फार मोठं, फार शांतपणे श्वास घेत होतं. एकट्या गाईपेक्षा मोठं.

"कास्पर," टीरा म्हणाली. तिने वडिलांकडे बघितलं नाही. "गाय तुझी आहे. तुला नको असेल तर इंगे-आत्याला दे."

"टीरा!" हाल्वार म्हणाला. "गाडीत काय ठरलं होतं आपलं?"

"गाडीत गाय नव्हती, बाबा."

"दिली," कास्पर घाईने म्हणाला. "इंगे-आत्या, घे. मनापासून दिली."

"कानात बिल्ला नाही!" हाल्वार म्हणाला. "सरकारच्या लेखी ही गायच नाही!"

"अरे, तेच तर मी मघापासून सांगतेय," गुनबोर आत्या म्हणाली.

*

इंगेगेर्डने तिवई आणली, बादली विसळली. हाल्वार टेबलाशी बसून राहिला. आपण हरलोय हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं. बहिणीला बरं वाटायला हवं होतं.

ती बसली, कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं, सडाला हात लावला.

हातांना कळतं ते डोक्याला नंतर कळतं. दूध ताजं होतं, पातळ, गोड वासाचं. दुसरं वेत. वासरू तीन आठवड्यांचं असेल, फार तर चार. एका सडाच्या टोकाला इवलीशी जखम होती, कोवळ्या दातांची. म्हणजे काल, परवापर्यंत कुणीतरी याला लुचत होतं.

गाय हंबरली. तो आवाज इथेच झाला, इंगेगेर्डच्या कपाळाशी, हाडांतून आत गेला. आणि डोंगरातून वासराने ओ दिली. बारीक, कर्कश, भुकेली ओ.

तिने हात काढून घेतले.

मग हाक आली.

इंगेगेर्डने उभ्या आयुष्यात हजारो वेळा ती दिली होती. गुरांना बोलावायची हाक. घशाच्या वरून काढायची, गाण्याइतकी उंच, की दोन टेकड्या ओलांडून जावी. प्रत्येक बाईची चाल वेगळी, ती आईकडून येते. ही चाल तिने कधी ऐकली नव्हती. फार जुनी होती. डोंगराच्या आतून येत होती, आणि तरी इतकी स्वच्छ, की टेबलावरच्या कपांना कंप सुटला.

पण चालीपेक्षा तिला शेवटचा सूर ऐकू आला. संध्याकाळी सगळी गुरं परत येतात आणि एक येत नाही, तेव्हा हाकेचा शेवटचा सूर वर जाऊन फाटतो. तो मुद्दाम फाडता येत नाही. ही बाई काल रात्रभर हाका मारत होती. आज सकाळपासून मारत होती. तिचा आवाज बसत आला होता.

"ऐकलं?" इंगेगेर्ड म्हणाली.

ऐकलं होतं. सगळ्यांनी. यंत्राशिवाय गुनबोर आत्यानेही. कास्परने केकचा डबा छातीशी धरला होता, लहान मूल धरावं तसा.

इंगेगेर्ड उठली. "परत कशी द्यायची, आत्या?"

"परत?" आत्याचा आवाज एकदम म्हातारा झाला. "कुणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही. घेतल्याच्याच गोष्टी आहेत सगळ्या."

"इंगे-आत्या, गाय परत गेली तर..." टीराने वाक्य अर्धवट सोडलं. पुढचं सगळ्यांना माहीत होतं. गाय गेली की शब्द गेला. शब्द गेला की जागा गेली. पुढच्या जूनमध्ये दोन खोल्या.

"तिचं वासरू उपाशी आहे," इंगेगेर्ड म्हणाली.

मग त्यांनी प्रयत्न केले. कास्पर म्हणाला, इकडून तिकडे फेकून आपली झाली, तर तिकडून इकडे फेकली की त्यांची व्हायला हवी, साधं गणित आहे. त्याने पलीकडे जाऊन किल्ली उलटी फेकली. गाईने ती जाताना आदराने पाहिली आणि परत येऊन त्याच्या मागे उभी राहिली. टीराने तिला ढकललं. डोंगर ढकलल्यासारखं झालं. आत्याने तिला समजावून सांगितलं, बऱ्यापैकी मोठ्याने.

पुन्हा हाक आली. या वेळी सूर फाटला आणि तुटलाच.

"बाजूला व्हा," इंगेगेर्ड म्हणाली.

*

हाल्वारला बहिणीची हाक ठाऊक होती. लहानपणी त्याला तिची लाज वाटायची, कारण ती शाळेपर्यंत ऐकू यायची. पण आता तिने डोंगराकडे तोंड करून, हात कानामागे नेऊन जी काढली, ती "या" म्हणणारी हाक नव्हती. ती त्याने आईच्या तोंडून एकदा दोनदा ऐकली होती. शेजारच्या गोठाणीची गाय आपल्याकडे चुकून आली, तर दरीपलीकडच्या बाईला कळवायची ती हाक. शब्द नसतात. चाल म्हणते, सापडली. इथे आहे. धडधाकट आहे. नीज आता.

सूर चढत गेला. हाल्वारला वाटलं, साठी उलटलेल्या बाईच्या छातीत एवढी हवा कुठून आली. मग वाटलं, ही हवा तिची एकटीची नाही. आईचीही आहे, आईच्या आईचीही. या गवतावर उभी राहून दरीपलीकडच्या कुणाला तरी "सापडली" म्हणणाऱ्या सगळ्या बायकांची आहे. आणि दरीपलीकडे नेमकं कोण असतं, हे त्यांच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

इंगेगेर्ड थांबली. पानसुद्धा हललं नाही. डासही थांबले, आणि ते ओर्वालेनवर कशासाठीच थांबत नाहीत.

डोंगरातून उत्तर आलं. तोच आवाज, पण आता खाली उतरत, उतरत, घरात शिरून कडी लावल्यावर माणूस श्वास सोडतं तसा.

गाईने कास्परकडे पाठ फिरवली आणि ती चालू लागली. धावली नाही. कुरण ओलांडलं, झऱ्यावर थांबून पाणी प्यायली, भूर्जांपाशी पोचली. तिथे तिने मान हलवली, आणि घंटा वाजली. तिथेच. तिच्याच गळ्यात. हललेली दिसली त्याच क्षणी वाजली. मग पांढरेपणा झाडांत गेला, आणि घंटा चढावर वाजत राहिली, ज्या बाजूला वाट नाही, नुसता उभा कडा आहे, त्या बाजूला. कड्यावर न थांबता ती आणखी पुढे गेली. आत गेली. आतून वाजली. मग वासराचा आवाज आला, अर्धा, तोंडात काहीतरी आल्यावर बंद होतो तसा.

गुनबोर आत्या रडत होती. टीराने तिचा हात धरला होता. इंगेगेर्ड गवतात बसली होती, दोन्ही तळवे वर करून, जसं काही त्यांत अजून दूध आहे.

हाल्वारने घसा खाकरला. त्याला म्हणायचं होतं, चांगलं केलंस. त्याच्या तोंडून आलं, "तिवई ओली होईल."

"होऊ दे," इंगेगेर्ड म्हणाली.

*

माल्मोचं जोडपं वेळेवर आलं. दोघांनी सारखेच बूट घातले होते. बाईने दोन्ही हात पसरून दीर्घ श्वास घेतला. टेबलावर कॉफी गार झाली होती आणि पाच माणसं, नुकतीच कुणाला तरी पोचवून आल्यासारखी, डोंगराकडे बघत होती.

"किती शांत आहे!" बाई म्हणाली. "जाहिरातीत लिहिलंय तसंच. आसपास कुणीच नाही ना?"

उत्तर हाल्वारने द्यायचं होतं. जाहिरात त्यानेच लिहिली होती. त्याने इंगेगेर्डकडे बघितलं. ती कप गोळा करायला लागली होती, ज्यांच्या घरात आता आपण पाहुणे, त्यांचे कप उचलावेत तशी, हळूच, आवाज न करता.

"आहेत," हाल्वार म्हणाला.

"कोण?"

"शेजारी."

नवऱ्याने मान लांब करून सगळीकडे बघितलं. "कुठे राहतात?"

"उन्हाळ्यात तिकडे." हाल्वारने डोंगराकडे बोट दाखवलं. "हिवाळ्यात इथे, या घरांत. आम्ही खाली उतरलो की ते येतात. पहिल्यापासून तसंच आहे. आमचे लोक जाताना चूल साफ करून, दाराची कडी काढून जातात." तो हे प्रथमच मोठ्याने बोलत होता, आणि स्वतःच ऐकत होता. "बहीण अजून तसंच करते. मला वाटायचं विसरभोळी आहे."

कप गोळा करणारे हात थांबले.

"म्हणजे त्यांचा जागेत हिस्सा आहे?" नवऱ्याने विचारलं. तो व्यवहारी माणूस होता. "हे आम्हाला फोनवर सांगायला हवं होतं. मग फक्त तुमचा हिस्सा विकता येईल का? हद्द कुठून जाते?"

हाल्वारने खिशातून होकायंत्र काढलं, तळहातावर ठेवलं, बराच वेळ बघितलं. इंगेगेर्ड, टीरा, कास्पर, सगळे त्याच्याकडे बघत होते. मग त्याने ते परत ठेवून दिलं.

"मी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या," तो म्हणाला. "इथली हद्द मला सांगता येत नाही. बसा, केक खा. जागा विकायची नाहीये."